पाणपोईच्या नळाचं फडकं

जयंतीला मांडलेली पाणपोई पावसाळ्याच्या तोंडाशी आवरायची असते, हे कस्तुराबाई बनसोडे यांना कोणी सांगितलं नसावं; किंवा सांगितलं असेल आणि त्यांनी ते कानाआड केलं असेल. कासारवाडी स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बुद्धविहाराच्या भिंतीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची पाणपोई बारा महिने चालते. सुरुवातीला दोन माठ होते. मग रांजण आला. मग विहाराच्या नळावर भरून घेतलेली स्टीलची टाकी आली आणि तिला पितळी तोटी बसली. शिफ्टला निघालेली माणसं बाटल्या भरून घेतात, शाळेची पोरं ओंजळीनं पितात आणि रिक्षावाले तोंडावर पाणी मारून घेतात. तोंडावर मारणाऱ्यांना कस्तुराबाई ओरडतात, पण हाकलत नाहीत.

त्या तोटीला पांढऱ्या मलमलचं फडकं बांधलेलं असे. ते रोज साबणानं धुवायचं, विहाराच्या मागच्या दोरीवर उन्हात टाकायचं आणि सकाळी पुन्हा दुपदरी घडी करून तोटीला घट्ट बांधायचं. बाई आजारी असोत, घरी पाहुणे असोत, फडकं चुकत नसे. "कस्तुरामावशीचं पाणी म्हणजे गाळीव पाणी," असं अख्खा रस्ता म्हणायचा, आणि हे त्यांना मनातून फार आवडायचं.

हे फडकं आलं होतं त्यांच्या माहेराहून, करमाळ्याकडून. तिथल्या बारवेत माणसं पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागरी भरत, आणि गावात नारू होता. कस्तुराबाईंच्या थोरल्या बहिणीच्या, सखूच्या पायातून निघालेला नारू त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पांढऱ्या दोऱ्यासारखा तो जंत काडीला गुंडाळत, रोज थोडाथोडा ओढून काढायचा. घाईनं तुटला की पाय सुजून टम्म. सखू त्या पायानं अख्खा उन्हाळा खाटेवर पडून होती. मग आरोग्य खात्याची एक बाई गावात आली. तिनं काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी घेऊन त्यातले हलणारे बारीक किडे सगळ्यांना दाखवले आणि सांगितलं, पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय थेंबभरसुद्धा पिऊ नका. घरातलं फडकं सांभाळायचं काम आईनं धाकट्या कस्तुराला दिलं. पुढं नारू गावातून गेला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना तो गेल्याचं काय कौतुक, कस्तुराबाईंना होतं.

लग्न होऊन त्या कासारवाडीला आल्या तेव्हा नवरा ज्ञानदेव पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होता. बाई घरबसल्या रबरी वॉशरच्या कडा कात्रीनं साफ करून द्यायच्या. पाणी नळाचं होतं, पालिकेचं होतं, तरी घरातल्या नळाला पहिल्या दिवशीच फडकं बांधलं गेलं. सखू बाळंतपणात गेली तेव्हा तिचा धम्मपाल त्यांच्याकडेच वाढला, त्याच फडक्याचं पाणी पिऊन.

हाच धम्मपाल डिप्लोमा करून चाकणला एका छोट्या कारखान्यात लागला. तिघा भागीदारांनी काढलेला तो कारखाना पाणी निर्जंतुक करणारी यंत्रं बनवायचा. गेल्या उन्हाळ्यात या भागात हगवणीची साथ आली. कुणी केबल टाकताना पाण्याची जुनी लाइन फोडली होती. दिवसाआड पाणी, मधल्या वेळात लाइन रिकामी, आणि रिकाम्या लाइनीत आजूबाजूची घाण ओढली गेली. पालिकेनं सांगितलं, की ज्या पाणपोईचं पाणी निर्जंतुक केलेलं आणि तपासलेलं असेल तीच चालू राहील, बाकीच्या बंद.

धम्मपाल रविवारी मोटरसायकलला खोकं बांधून हजर झाला. त्यातून निघाली चपटी, स्टीलची, डब्याएवढी वस्तू. टाकी आणि तोटी यांच्यामध्ये ती बसवता बसवता तो मावशीला समजावू लागला.

"हे बघ मावशी, आधी या गाळणीत गाळ अडकतो. मग पाणी या दिव्यांपुढून जातं. मसुराच्या डाळीएवढे दिवे आहेत. एलईडी. अतिनील किरण सोडतात."

"लागलेत का? मला तर उजेड दिसंना."

"तो आपल्याला दिसत नाही. पण जंतूला बरोबर लागतो. त्याच्यापुढून गेलेल्या जंतूला पुढं पोरंबाळं होत नाहीत."

स्टुलावर बसलेल्या ज्ञानदेवांनी मान डोलावली. "म्हंजे नसबंदी. कँपात ट्रान्झिस्टर द्यायचे, तू काय देतूस?"

"तुम्ही गप बसा," कस्तुराबाई म्हणाल्या. "आन औषधाचा वास यंल का रं पाण्याला?"

"वास नाही, चव नाही. पाण्यात काहीच मिसळत नाही. आधीच्या मशीनमध्ये लांबलचक नळी असायची, पाऱ्याची. तापायला वेळ घ्यायची. हे तोटी सोडली की लागतं, बंद केली की विझतं."

"तुझ्या मालकांनी फुकट कसं दिलं?"

धम्मपालनं पाना फिरवत खाली बघूनच उत्तर दिलं. भागीदारांना हे यंत्र रावेतच्या एका मोठ्या सोसायटीत लावायचं होतं; चार बड्या लोकांच्या नजरेस पडलं असतं. रस्त्यावरच्या पाणपोईत, जिथं हजार हात तोटीला लागतात, तिथं ते टिकलं तर कुठंही टिकेल, असं म्हणून त्यानं ते इकडं आणलं होतं. स्वतःच्या शब्दावर. इथं चांगले रिपोर्ट आले तर यंत्र इथंच राहणार. नाही आले तर ते रावेतला जाणार आणि मावशीची पाणपोई बंद होणार. आणि कारखान्यात त्याच्या शब्दाला किंमत उरणार नाही, हे त्यानं सांगितलं नाही. पण बाईंनी त्याला वाढवलं होतं.

यंत्र बसलं. कस्तुराबाईंनी स्टील फडक्यानं पुसून लखलखीत केलं आणि तोटीला रोजचं मलमल बांधलं. धम्मपाल पहिला ग्लास प्यायला आणि अवजारं आवरून गेला.

आठवड्यानं पालिकेच्या प्रयोगशाळेची विजयश्री स्कूटरवर आली. मोशीला राहणारी, चटपटीत पोरगी. खांद्याला थंड खोका. तोटीकडं बघून म्हणाली, "मावशी, ते फडकं सोडा जरा. नळाचं तोंड जाळून घ्यायचंय."

"जाळून? स्वच्छ हाय की!"

"तुमच्यावर संशय नाही हो. आमची पद्धतच आहे. नाहीतर पाण्याचा दोष की तोटीचा, कळत नाही."

बाईंनी तोंड वाकडं करून गाठ सोडली. विजयश्रीनं स्पिरिटचा बोळा पेटवून तोटीला लावला, थोडं पाणी वाहू दिलं आणि बाटली भरून घेतली. रिपोर्ट आला: पिण्यास योग्य. त्या दिवशी ज्ञानदेवांनी पेढे आणले. रिक्षावाले बबनराव दोन खाऊन म्हणाले, "पानी पिऊन पेढं मिळत्यात व्हय? मंग म्या रोज पितो." बबनराव कासारवाडीचे जुने रहिवासी, शेत गेलं, रिक्षा आली, तोंड तेच राहिलं.

मग चाकणहून कारखान्याचा माणूस आला. त्याला पद्धतशीर नमुना नको होता. लोक पितात तसंच पाणी हवं होतं. त्यानं रांगेत उभं राहून, सगळ्यांसारखी फडक्याखाली बाटली भरली आणि गेला. रिपोर्ट खराब आला.

धम्मपालनं येऊन यंत्र उघडलं. काच पुसली, दिवे मीटरवर तपासले, गाळणी बदलली. सगळं ठीक होतं. पुन्हा नमुना गेला. पुन्हा खराब.

कस्तुराबाईंना वाटलं, यंत्र नवीन आहे, चुकत असेल. तोवर आपण जपलं पाहिजे. त्यांनी नवं मलमल आणलं, दुपदरीचं चौपदरी केलं. दुपारचं ऊन शेडवर आलं की फडकं सुकून कडक होई, म्हणून त्यावर त्या ओंजळभर पाणी शिंपडू लागल्या. तिसरा नमुना पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट निघाला.

त्या संध्याकाळी धम्मपाल जेवायला मावशीकडे होता. पुढच्या रविवारी यंत्र काढून न्यायचा निरोप त्याला मिळाला होता. भाकरी मोडून तो तशीच ताटात ठेवत होता.

"जेव की," ज्ञानदेव म्हणाले. "मशीन काय तुझ्या पोटात न्हाई बसवलेलं."

"काका, मला एकच कळत नाही. पालिकेच्या बाईंनी घेतलेला नमुना चांगला निघतो. आमचा तिन्ही वेळा खराब. पाणी तेच, मशीन तेच, तोटी तीच. सगळं तेच आहे."

कस्तुराबाई तव्यावरची भाकरी उलटायला वाकल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. सगळं तेच नव्हतं. त्या पोरीनं फडकं सोडायला लावलं होतं.

भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी ती उचलली आणि आपल्याच ताटात घेतली. 

धम्मपालला ते कसं दिसलं नाही, याचं कोणालाही नवल वाटेल. मशीनचा स्क्रू न् स्क्रू त्यानं तपासला होता. पण ज्या घरात तो रांगायला शिकला तिथं नळ म्हणजे तोटी आणि फडकं मिळून एकच वस्तू होती. भिंतीच्या रंगाकडं माणूस जसं बघत नाही, तसं त्यानं फडक्याकडं कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई फडकं धुवायला बसल्या तेव्हा त्यांनी ते उलगडून नाकाशी नेलं. साबणाचा वास होता. डाग नव्हता. हेच फडकं नसतं तर सखूसारखा आपल्याही पायातून नारू निघाला असता. ज्या वस्तूनं एवढा उपकार केला तिच्यावर आळ कसा घ्यायचा? आणि घेतला, तर त्याचा अर्थ काय होतो? की रस्त्यावरच्या हजारो माणसांना, शाळेच्या पोरांना आपण आपल्या हातानं घाण पाजली. न बोलल्या तर यंत्र जाईल. लोक म्हणतील, मशीन बोगस होतं, मावशीचं फडकं खरं. बाईंचा मान जिथल्या तिथं राहील. बोल लागेल तो धम्मपालला.

शनिवारी दुपारी त्यांनी त्याला फोन लावला. "पाना घिऊन येऊ नको. त्या विजयश्रीला घिऊन ये."

दोघं आले तेव्हा बाईंनी प्रस्तावना केली नाही. "फडक्याचं पाणी येगळं तपासा. आन बिनफडक्याचं येगळं."

धम्मपाल तोटीकडे बघत राहिला. मग हळूच कपाळाला हात लावून खाली पायरीवर बसला. "मावशी... पाण्यात काहीच मिसळत नाही म्हणून मीच सांगितलं होतं तुला. जंतू मारायचं औषध टाकलं तर ते पाण्याबरोबर घरापर्यंत जातं. उजेड पेटीतच राहतो. पेटीतून बाहेर आल्यावर पाण्याला काही लागलं की झालं. आणि मी..."

"तुला काय म्हायती. तू त्याच्याखालीच वाढलास."

विजयश्रीनं खोक्यातून दोन लहान बाटल्या काढल्या. तळाशी फिकट चहासारखं काहीतरी होतं. एकीत फडक्यातून पाणी घेतलं, दुसरीत फडकं सोडून, तोटी जाळून. "घरात उबेला ठेवा. काळं पडलं तर खराब. पक्का रिपोर्ट मी लॅबमधून देईनच, पण तुम्हाला डोळ्यांनी दिसेल." जाताना ती म्हणाली, "आणि मावशी, निकाल काहीही लागला तरी फडकं आता बांधू नका."

बाटल्या फ्रीजच्या मागं फळीवर ठेवल्या. कस्तुराबाई येता-जाता बघत होत्या.

"कोंबडी अंड्यावर बसल्यागत करू नको," ज्ञानदेव म्हणाले. "बघून बघून ती लाजंल."

"तुमाला चेष्टा सुचती."

"चेष्टा न्हाई. दोन्ही काळ्या पडल्या तर तुझं फडकं सुटलं आन पोरगं अडकलं. फडक्याची एकटीच काळी पडली तर पोरगं सुटलं आन तू अडकलीस. तू कुणाकडनं हायेस, तेवढं सांग."

बाई भांडी विसळायला उठल्या. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्या फळीशी गेल्या. बिनफडक्याची बाटली होती तशी होती. फडक्याची शाईसारखी काळी झाली होती. हाक मारायच्या आधी त्यांनी ती उजेडात धरून नीट बघितली. पेल्यातले ते हलणारे किडे दाखवणारी बाई त्यांना आठवली, आणि त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांची तोंडं कशी उतरली होती, तेही. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण त्या बाईच्या बाजूला उभ्या आहोत.

ज्ञानदेव मागं येऊन उभे राहिले. बाटली बघून त्यांनी चष्मा पुसला. "मशीनमधी गाळणी हाय म्हनत होता धम्मा. ती फडक्याचीच भन की. तुझं फडकं चुकलं न्हाई, उजेडाच्या अलीकडं पायजे हुतं, पलीकडं बांधलं गेलं, एवढंच."

"समजूत काढू नका. काळं पडलंय ते काळं पडलंय."

"बरं, न्हाई काढत. च्या टाकू का?"

"टाका."

धम्मपाल आला तेव्हा यंत्र काढायची गोष्ट कोणी काढली नाही. दोन्ही बाटल्यांचे फोटो त्यानं भागीदारांना पाठवले. उत्तर संध्याकाळच्या आत आलं: लॅबचा पक्का रिपोर्ट येईपर्यंत यंत्र तिथंच राहू द्या, मग बघू. 'मग बघू' मध्ये किती आशा असते ते नोकरी केलेल्या माणसाला कळतं. धम्मपालला कळलं आणि तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

खरी अडचण सोमवारी सकाळी उभी राहिली. पहिली शिफ्ट गाठायला निघालेली माणसं बाटल्या घेऊन आली आणि उघडी तोटी बघून थबकली. एकानं बाटली परत पिशवीत घातली. बबनराव रिक्षातून उतरले, तोटीकडं बघितलं, बाईंकडं बघितलं.

"मावशे, फडकं कुठाय?"

"सोडलं."

"धुवायला?"

"कायमचं."

"मंग गाळल्याबिगर प्यायाचं व्हय? आगं, तुझ्या फडक्याकडं बघून तर पितो आमी. मशीनचं कुनाला काय कळतंय!" मागच्यांनी माना हलवल्या. त्यातला एक जण म्हणाला, "न्हाई बा. आपन टपरीवरनं बाटली घेऊ."

शेडच्या टोकाला उभ्या धम्मपालनं तोंड उघडलं, पण बाईंनी हातानं त्याला थांबवलं. त्या स्टुलावरून उठल्या. एरवी पाण्याच्या रांगेत मोठ्यानं बोलणं त्यांना खपत नसे.

"ऐका सगळी. मशीन चांगलं हाय. मशीनमधनं पाणी चांगलं येत हुतं आन माज्या फडक्यात येऊन खराब हुत हुतं. सारखं वलं ऱ्हातंय, हात लागत्यात, त्यातच जंतू घर करत्यात. म्या डोळ्यानं बघितलंय, बाटली काळी पडली. म्या बांधलं हुतं, म्याच सोडलं."

 शाळेच्या दप्तरातली बाटली काढून उभी असलेली एक मुलगी आईकडं बघू लागली. बाईंचे कान तापले होते.

बबनराव मोठा विचार करत असल्यासारखे हनुवटी खाजवू लागले. "म्हंजे इतकी वरसं तू आमाला जंतू पाजत हुतीस."

"व्हय. पाजत हुते."

"रोज?"

"रोज. साबनानं धुवून धुवून पाजत हुते."

"आन आमी तुला आशीर्वाद देत हुतो."

"तुमी कदी आशीर्वाद दिला? तोंडावर पाणी मारून निम्मं खाली सांडलंत तेवढं."

मागं कुणीतरी हसलं. बबनरावांनी रिक्षातली प्लॅस्टिकची बाटली आणली, झाकण काढलं, उघड्या तोटीखाली धरली आणि भरेपर्यंत बाईंच्या तोंडाकडं बघत राहिले. मग तिथंच उभं राहून अर्धी बाटली प्यायले.

"कसंय?" बाईंनी विचारलं.

"वल्लं हाय."

"आन?"

"आन मला उशीर हुतोय. हे मागं बघ, किती मानसं खोळंबलीत. सरक बाजूला."

कस्तुराबाई बाजूला सरकल्या. दप्तरवाली मुलगी पुढं आली आणि तोटी सोडली.